अमलीचे कागद

११ जानेवारी १९८५, शुक्रवार

अमलीला देश सोडून जायला सांगितलंय! साडेचार वर्षांच्या पोरीला!

दुपारी हवालदार कागद देऊन गेला. मी चारकोपहून, कारखान्यातून नुकतीच आलेली. औषधाच्या गोळ्यांच्या पावडरीने हात अजून पांढरे होते. म्हणाला, "बाई, हिचा व्हिसा पंधरा मार्चला संपतो. नवे कागद झाले नाहीत तर परत पाठवतील." मी म्हटलं, कुणाकडे? मोझांबिकला हिचं आहे कोण? तो म्हणाला, "मी फक्त कागद देतो." चहा मात्र पुरता प्यायला.

सप्टेंबरात हे घरी आले ते हिला कडेवर घेऊनच. तिकडे बैरा बंदरात सहा वर्षं जहाजं ओढणाऱ्या टगवर नोकरी, दोन वर्षांनी एकदा सुट्टी. तिकडे लढाई चालू. म्हणाले, हिची आई मेली. चर्चच्या सिस्टरांनी पोर मला दिली, आपण दत्तक घेऊ. लग्नाला अकरा वर्षं झाली, पाळणा हलला नाही. मी एकही प्रश्न विचारला नाही. पोरीला घेतलं, सासूबाईंनी पाणी तापवलं आणि आधी आंघोळ घातली.

नाव अमेलिया. दहिसरच्या आमच्या चाळीत दोन दिवसांत तिची अमली झाली.

१४ जानेवारी

बोरन्हाण केलं. हलव्याच्या हारातला अर्धा हलवा तिने आधीच खाऊन टाकला! शेजारची माणिक म्हणाली, "काय गोड दिसते गं!" नोटिशीचं कुणाला बोलले नाही.

१८ जानेवारी, शुक्रवार

फोर्टात परदेशी लोकांची नोंद होते तिथे गेलो. हे, मी आणि अमली. पाच तास बाकावर.

क्लार्क माणूस वाईट नव्हता. म्हणाला, दत्तकपत्र? ह्यांनी शिक्का मारलेला कागद पुढे केला. "हे पोर्तुगीज आहे. मला कसं कळणार? बरं, मुलगी हिंदू का?"

"नाही. पण आता आमचीच—"

"मग हिंदू दत्तकाच्या कायद्यात ती बसत नाही."

"मग कशात बसते?"

त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "कशातच नाही."

अमली त्याच्या टेबलावरच्या टाचण्या मोजत होती – एक, दोन, तीन, सात. आकडे मी शिकवलेले.

२ फेब्रुवारी, शनिवार

बोरिवलीच्या मधुकर वकिलांकडे. म्हणाले, कोर्टातून पालक म्हणून नेमणूक करून घेऊ, पण त्याला वेळ लागेल. तोवर मुदत वाढवायला अर्ज करू. आधी त्या कागदांचं भाषांतर आणा.

घरी येऊन हे म्हणाले, "भाषांतर कशाला? थांब जरा. बघू."

बघू काय बघू! मार्चला किती दिवस राहिलेत!

५ फेब्रुवारी

अमलीला ताप. खाडा केला.

९ फेब्रुवारी, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

ट्रंकेतून कागद मीच काढले. हे इथल्या डॉकवर कामाला गेले होते. मी अमलीला घेऊन बोरिवलीच्या आयसी कॉलनीतल्या लोबोबाईंकडे गेले – म्हाताऱ्या आहेत, गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकवायच्या. अमलीला पाहून त्या तिच्याशी त्या भाषेत बोलल्या. आणि पोरगी खुलली! किती दिवसांत मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही मामां मामां करते, ते कळतं ना तुला?"

मी म्हटलं, हो, मामाची आठवण काढते. चाळीत सगळे हसतात.

"मामा नाही गं. मामां म्हणजे आई."

पाच महिने! पाच महिने पोर आईला हाक मारत होती आणि आम्ही हसत होतो.

मग त्यांनी कागद घेतले. एक चर्चचा. दुसरा जन्माचा दाखला. बोट ठेवून वाचू लागल्या – अमेलिया, जन्म तीन ऑगस्ट ऐंशी, बैरा. आई, रोझा. बाप—

थांबल्या. चष्मा काढून पुसला.

"तुझ्या नवऱ्याचं नाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. आमच्या बाराखडीतलं नसलं तरी एवढी इंग्रजी अक्षरं मला वाचता येतात. सहदेव बाबली केळुसकर.

१० फेब्रुवारी

भात करपला. सगळ्यांनी तसाच खाल्ला.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं. दाखला समोर ठेवला आणि म्हटलं, "तू हे काय केलंस?" तू म्हटलं! अकरा वर्षांत पहिल्यांदा. आणि आता इथेही नावच लिहिणार. सहदेव.

सहदेवने दाखल्याची घडी घातली. मग म्हणाला, "तिकडे एकटा होतो." एवढंच. मग परत – "सांगणार होतो, प्रेमा. तू तिला ज्या तऱ्हेने उचललंस ना... मग तोंडच उघडेना."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माका म्हायत होता गो. पयल्या दिवसापासून."

म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत माहीत नसलेली मी एकटीच!

१६ फेब्रुवारी, शनिवार

मुलुंडला बहिणीकडे, कुंदाकडे आले, अमलीला घेऊन. कुंदा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण रागावली की दहा वर्षांनी मोठी होते. "सोड त्याला. इथे राहा."

"आणि हिला?"

"ती तुझी कोण लागते? त्याचं पाप त्याला निस्तरू दे!"

अमली दारातच उभी होती. माझी चप्पल पायात घालून. मी कुंदाला म्हटलं, हळू बोल, तिला आता मराठी कळतं.

संध्याकाळी परत निघाले. कुंदाने डबा दिला आणि दार लावून घेतलं.

२० फेब्रुवारी, बुधवार

मधुकर वकिलांना सगळं सांगितलं. लाजेने जीव चाललेला. आणि ते खूश! टेबलावर हात मारला. "अहो, आधी का नाही सांगितलंत? दत्तकाची भानगडच नको! बाप भारतीय ना? मग पोरीचीही भारतीय म्हणून नोंद मागता येईल. बापाचं प्रतिज्ञापत्र करू, की ही माझीच मुलगी. झकास काम झालं!"

झकास!

मी विचारलं, माझी सही कुठे?

त्यांनी कागद उलटसुलट केले. "तुमची लागत नाही, ताई."

म्हणजे मी गप्प राहिले तर माझी अब्रू राहते, पोर जाते. त्याने सगळ्यांपुढे कबूल केलं तर पोर राहते. आणि मी? मी त्या कागदावर कुठेच नाही.

घरी आले. सहदेवला म्हटलं, "लिहून दे."

तो म्हणाला, "चाळीत कळेल."

"कळू दे. लिही."

२७ फेब्रुवारी

कळलं. नळावर गेले तशा सगळ्या बाजूला सरकल्या. बादली भरेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. माणिकने बादली उचलून दिली.

१२ मार्च, मंगळवार

प्रतिज्ञापत्र घेऊन फोर्टात गेलो. साहेबांनी वाचलं, मान डोलावली, पेन उचललं. "आई मयत ना? मृत्यूचा दाखला जोडा."

सहदेवने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी परत विचारलं.

"नाही, साहेब. हयात आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तिची संमती आणा."

जिन्यात मी त्याला भिंतीशी धरलं. तो रडत होता. रोझा गावी गेली होती, तिच्या म्हाताऱ्या आईला आणायला. लढाई पेटली, रस्ते बंद झाले. बोट सुटत होती. हा पोर घेऊन चढला.

"तिला कळवलंस?"

"नाही."

सहा महिने! ती बाई सहा महिने पोर शोधते आहे.

पत्ता त्याच्याकडून लिहून घेतला. आता लोबोबाईंकडे निघालेय, अमलीला घेऊन. तिच्या आईला पत्र लिहायचंय.