फळ्यावरची उभी रेघ

सोमवार, १ डिसेंबर
गंगापूर रोडवरचा हा बंगला आवडला. हवेशीर, खिडकीसमोर पेरूचं झाड. दिवंगत प्रोफेसरांच्या मुलीने, तेजलने, वडिलांच्या वह्या टाइप करायला मला इथे ठेवलं आहे. विषय कृष्णविवरं: गुरुत्वाकर्षणाचे नियम जरा बदलले आणि भोवती वेगळाच पदार्थ असला तर काय होईल. मीही शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. डोकं गंजलेलं नाही. अभ्यासिकेतल्या फळ्याला हात लावू नका, असं तेजलने फोनवर दोनदा बजावलं. कामाला धोंडाबाई आहेत. त्यांच्या मते साहेब त्या फळ्याशी जेवढं बोलले तेवढं बायकोशी नाय बोलले.

बुधवार, ३
फळ्यावर शेवटच्या ओळीत पदार्थाची घनता चक्क उणे! नववीतली मुलंही ही चूक करत नाहीत. लाल खडूने उण्यावर उभी रेघ मारली, अधिक केलं. चूक दिसली की माझा हात थांबत नाही.

गुरुवार, ४
केर फळ्याकडे पळतो, लय ओढ हाय, अशी धोंडाबाईंची तक्रार. फरशीला उतार असेल, म्हटलं. खोलीतलं घड्याळ वीस मिनिटं मागे. सेल बदलला.

शुक्रवार, ५
दहाला धोंडाबाई झाडायला आत गेल्या. आता चार वाजलेत. अजून तशाच फळ्यासमोर वाकलेल्या. केरसुणी अधांतरी. हाकेला ओ नाही.
सातवी वही आज उघडली. आधी वाचायला हवी होती. तो पदार्थ उणेच असतो. ओढत नाही, ढकलतो. फळ्यावरच्या त्या उण्यानेच फळ्यातलं खरंखुरं विवर आवरून धरलं होतं.

शनिवार, ६
दिवसभरात केरसुणी बोटभर खाली आली. हिरवं लुगडं तांबूस दिसतं, अंधुक. विवराजवळ वेळ मंदावते, तिथून येणारा उजेड तांबडा होतो. बांबू आत सरकवला, हातातून निसटला. अजून हवेत आहे. त्यांचा मुलगा भिकन आला, आत धावत होता. मी कुलूप घातलं. आई हाय ती माझी, खांब नाय, म्हणून ओरडला. किल्ली दिली नाही.

रविवार
धोंडाबाई जेमतेम दिसतात. चूक माझी. फक्त उभी रेघ पुसायची. भिकनला सांगितलं, दारात उभा राहा, आत पाऊल टाकायचं नाही. डस्टर घेतलं. ही डायरीही बरोबर —

वार?
आत. लुगडं हिरवंच आहे. धोंडाबाई वळल्या, आत्ताच तर आले, एवढी काय घाई बाई, म्हणाल्या.
मागे पाहिलं. दारात भिकन — केस पांढरे —
दारात कोणी नाही.
खिडकीत उजेड, अंधार, उजेड — पेरू कुठे —
रेघ वीतभर दूर. हात पुढे नेते. अजून वीतभरच —