तीन कोटेशनं आणि एक मोर

सोम. ६ जाने.
सकाळी अंबादास आला. अक्कलकोट रोडला त्याचा चादरींचा छोटा कारखाना आहे. ह्यांच्या हाताखाली नक्षी शिकलेला, अजून पाया पडतो. म्हणाला, "मास्तर, तुमचा तो जुना मोर पायजे. गिऱ्हाईक तेच मागतंय. वीस तारखेला येतो, ह्यात भरून द्या." पेन ड्राइव्ह ठेवून गेला.
ह्यांची मिल बंद होऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षांत ह्यांना 'मास्तर' म्हणून काम द्यायला कुणी आलं नव्हतं. दुपारी उगाच इस्त्रीचा शर्ट घालून घरात बसले होते. बरं वाटलं.
संध्याकाळी पेन ड्राइव्ह लावला तर आतल्या सगळ्या फोल्डरांवर बारके बाण. एकही उघडेना. पुण्याला गौरीला फोन. लेकीचं उत्तर तयारच, "व्हायरस आहे, आई. फुकटचा एखादा अँटीव्हायरस टाक. चांगला बघून."

मंगळ. ७ जाने.
'चांगला बघून.' हे तिनं मला सांगावं! शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली. खडूचा खोकासुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय आला नाही. जुनी वही काढली, रकाने आखले. तुलनात्मक तक्ता. नावं अवघड आहेत म्हणून अ, ब, क.
पहिल्याच रकान्यात अडले. दर : अ ०, ब ०, क ०. नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराचा घ्यायचा. इथं तिघेही सर्वांत कमी! असा प्रसंग नोकरीत कधी आला नव्हता.
तेव्हा कामावरून ठरवायचं. तिघांनाही बोलवायचं.

बुध. ८ जाने.
तिन्ही उतरवून घेतले. अ नं आधी माझा मोबाइल नंबर मागितला, मग ई-मेल. मुलगी बघायला आल्यासारख्या चौकशा. ब दर दहा मिनिटांनी लाल होऊन सांगतो की तुमचा कंप्युटर धोक्यात आहे, पैसे भरा. क गप्प.
हे शेजारून बघत होते. म्हणाले, "फुकट जेवायला आलेल्यानं एवढं बोलू न्हाय."
कंप्युटर मात्र लई मंद. बटण दाबून मेथीची जुडी निवडायला घेतली. जुडी संपली तेव्हा पडदा उजळला.

गुरु. ९ जाने.
आज कहर. अ म्हणतो ब संशयास्पद आहे. ब म्हणतो अ संशयास्पद आहे. शाळेतले आमचे दोन सुपरवायझर आठवले. तेही मुलं सोडून एकमेकांवरच लक्ष ठेवायचे.
पण ब कामाचा निघाला. तासभर घरझडती घेऊन सतरा वस्तू काढल्या. यादी इंग्रजीत, बारीक अक्षरांत. समोर चौकोन. सगळ्यांवर खूण केली आणि 'काढून टाका' दाबलं. 'बरोबर'ची हिरवी खूण आली. घर सारवल्यासारखं वाटलं.
तक्त्यात नोंद : ब — १७ वस्तू काढल्या. शेरा : समाधानकारक.

शुक्र. १० जाने.
गौरी फोनवर ओरडलीच. "तीन? एकदम? अगं, एका वेळी एकच ठेवायचा असतो!" हे आधी सांगायचं ना. म्हणते, "असं कुणी करेल हे मला काय माहीत!"
क ला ठेवलं. कामापेक्षा स्वभाव बघितला. अ आणि ब ला निरोप. जाता जाता ब नं दोन ओळींचा काहीतरी प्रश्न विचारला. मी 'हो' म्हटलं. जाणाऱ्याशी कशाला वाद.
कंप्युटर पळायला लागला. निवड पूर्ण, तक्त्याखाली सही केली. स्वतःवर खूश.

शनि. ११ जाने.
लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.
हे आंघोळ करून, चष्मा पुसून मोर उघडायला बसले. नक्षीचा प्रोग्रॅमच उघडेना. चित्राच्या जागी पांढरा कागद. मला तिथल्या तिथं कळलं. सतरा वस्तू.
मिल बंद झाली तेव्हा ह्यांच्या कामातल्या जोडीदारानं, शिवयोगींनी, तो प्रोग्रॅम मिलच्या कंप्युटरवरून कॉपी करून दिला होता. रीतसर विकत घेतलेला नव्हे. ब ला तो चोर वाटला. शिवयोगी आता नाहीत.
गच्चीवर जाऊन गौरीला फोनवर विचारलं. म्हणाली, "ब नं ते बाजूला कोंडून ठेवलं असणार, परत आणता आलं असतं. आई, जाताना त्यानं काही विचारलं का? कोंडलेलं पुसून टाकू का, असं?"
विचारलं होतं. आणि मी 'हो' म्हटलं होतं.
मोराची फाइल आहे, पण ती दुसऱ्या कशातच उघडत नाही. म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली मी स्वतः विहिरीत टाकली.
खाली येऊन ह्यांना सांगितलं, "कंप्युटर बिघडलाय." खोटं बोलले. "बरं," म्हणाले. एवढंच.

रवि. १२ जाने.
ह्यांनी पलंगाखालून ग्राफ पेपरची गुंडाळी काढली. कडा पिवळ्या पडल्यात. नवी पेठेत जाऊन रंगीत पेन्सिली आणल्या. खिडकीशी बसून एकेक चौकोन भरतायत, कंप्युटर यायच्या आधी भरायचे तसे. काही विचारत नाहीत.
माझी भाकरी मी तशीच झाकून ठेवली.

सोम. १३ जाने. भोगी
सांगून टाकलं. बाजरीची भाकरी ताटात वाढली आणि एका दमात सगळं. सतरा, हिरवी बरोबर, ब चा प्रश्न, माझं 'हो'.
हे लोणी लावत होते. म्हणाले, "म्हायती हाय की."
"कसं?"
"शनवारीच तक्ता वाचला. टेबलावरच हुता."
"मग बोलला का नाही?"
"काय बोलू? शेरा समाधानकारक हुता."
आणि असे हसले की ठसका लागला. मला राग आला, रडूही आलं, पाणी द्यायला धावलेही मीच. तीन दिवस मी कुढत बसले आणि ह्यांना सगळं ठाऊक! ह्यांच्याशी लग्न करून छत्तीस वर्षं झाली. माणूस अजून पुरता कळलेला नाही.

गुरु. १६ जाने.
मीही कामाला लागले. हे आकडे सांगतात, मी चौकोन मोजून खूण करते. कारकुनाची नजर वाया जात नाही : वेलीच्या काठात तीन चौकोन कमी पडत होते, मी पकडले. "लई हुशार," म्हणाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी असं एकदाही म्हटलं नाही.
गौरीनं आज आणखी एक सांगितलं. कंप्युटर येतानाच त्याच्यात एक पहारेकरी असतो, फुकट. दुसरा कुणी आला की तो आपला बाजूला बसतो. म्हणजे घरात माणूस होता! पण त्यानं कोटेशन दिलं नव्हतं, मग तक्त्यात कसा येणार. क ला काढलं. घरच्यानं मुकाट्यानं पेन ड्राइव्ह साफ केला. मग गौरीनं फोनवरून चार बटणं दाबायला लावली, फोल्डर जिथल्या तिथं.
ह्यांना कंप्युटरचं सांगितलं तर "हं". डोकं मोराच्या मानेत.

रवि. १९ जाने.
दुपारी मोहोळहून शिवयोगींच्या पत्नीनं पाठवलेलं पाकीट आलं. सोमवारी मी त्यांना फोन केला होता, ह्यांना न सांगता. आत सीडी. वर शिवयोगींच्या अक्षरात प्रोग्रॅमचं नाव. ही टाकली की जुना मोर पाच मिनिटांत पेन ड्राइव्हमध्ये. घरचा पहारेकरीही हिला चोरच म्हणेल. 'असू दे, ओळखीचा आहे,' असं आपण सांगावं लागेल.
अंबादास उद्या अकराला येतो. त्यानं जुना मोर मागितलाय, तोही पेन ड्राइव्हमध्ये. कागद चालेल का, हे फोन करून विचारायला हे तयार नाहीत.
सीडी पुढं ठेवली. ह्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं. बराच वेळ.
मग कागद माझ्याकडं वळवला. "बघ. जुना म्होरं बघत हुता. ह्यो मागं वळून बघतोय."
खरंच. मान वळवलेला मोर. मला वाटलं होतं जुनाच काढतायत.
"मग सीडी टाकू का नको?"
"तीन कोटेशनं मागव आदी," म्हणाले आणि निळी पेन्सिल तासायला घेतली.
सीडी टेबलावर आहे. शेपटीच्या शेवटच्या ओळी राहिल्यात. हे निळे भरतायत, पांढरे मी मोजतेय.