डाव्या हाताचं अक्षर

वारूळवाडी
२२ फेब्रुवारी २०२४

चि. रामनाथ यास आक्काचे अ. उ. आ.

अक्षर जहाँआराचं आहे, बोल माझे. चुका सापडल्या तर आमच्या ह्या मदतनीसबाईच्या नावावर टाक. आक्का ओट्यावरून पडल्या, असं फोनवर तिनं तुला सांगितलं ते मीच सांगायला लावलं होतं. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलीस, तरी काळजानं तू हळवाच.

मी पडले नाही. गेल्या आठवड्यात मंगळवारी अंगणवाडीत सतरा पोरं खाऊला बसली होती, तेवढ्यात स्वराज कोयता घेऊन अंगणात आला. सावळेरामचा मुलगा, टोमॅटोची पिकअप चालवतो तो. त्याची बायको अक्षदा मार सोसवेना म्हणून महिन्यापूर्वी इथं माहेरी आली आणि तिची चार वर्षांची समृद्धी माझ्याकडं बसू लागली. पोरगी द्या, न्हाईतर एकेकाला तोडतो, असं ओरडतच तो आला.

मी दारात आडवी झाले. स्वराज, आधी ते खाली ठेव, मग बोलू, असं म्हणाले. घोडेगावला माझ्या बालवाडीत होता तेव्हा एवढ्यावर हातातला दगड टाकून द्यायचा. ह्या वेळी त्यानं कोयता उचलला. डोक्यावर येणारा घाव मी उजव्या हातानं अडवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उंबऱ्यावर पडलं. दुसरा घाव खांद्यात बसला. रक्त पोरांच्या ताटल्यांपर्यंत उडालं. तिसरा बसायच्या आत जहाँआरानं गॅसवरचं खिचडीचं पातेलं उचललं आणि त्याच्या तोंडावर ओतलं. तो गुरासारखा ओरडत कोसळला. (हे लिहिताना ती उठून पाणी पिऊन आली.)

समृद्धी कपाटामागं लपली होती. तिनं तेव्हा आवाज केला नाही आणि अजून ती बोलत नाही. नारायणगावचे डॉक्टर म्हणतात की आता डाव्या हाताला वळण लावा.

गोळ्या वेळेवर घे. खोटं बोलले म्हणून रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी
सरूआक्का


घोडेगाव
१० जून २०२४

ती. आक्कास रामनाथचा शि. सा. न. वि. वि.

येत्या सोमवारपासून तू पुन्हा अंगणवाडीत जाणार, हे कळलं. चाळीस वर्षं लोकांच्या पोरांची नाकं पुसलीस, आता माझ्या नातवंडांची पूस. इथं ये. सूनबाईनं तुझ्यासाठी खोलीसुद्धा रंगवली.

परवा सावळेराम आला होता. आम्ही एका बाकावरचे दोस्त, तुला ठाऊकच आहे. डोक्यावरची टोपी काढून त्यानं माझ्या पायावर ठेवली. पोरगं चार महिने आत सडतंय, तोंडाचं कातडं गेलंय, आक्कांनी कोर्टात फक्त झटापटीत कोयता लागला म्हणावं, अशी त्याची विनवणी. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. आक्का, मला भीती वाटते. मागच्या आठवड्यात त्याच्या भाऊबंदांनी जहाँआराच्या घरावर दगड मारले. महंमद हनीफचं डोकं फुटलं, पाच टाके पडले. बायकोनं खिचडी ओतली आणि टाके नवऱ्याला. उद्या तुला रस्त्यात गाठलं तर? गेलेली बोटं काही परत यायची नाहीत. विचार कर.

धाकट्याचं चुकत असेल तर कान धर, पण जवळच ठेव.

तुझा
रामनाथ


वारूळवाडी
२४ जून २०२४

चि. रामनाथ यास अ. उ. आ.

हे अक्षर माझं, डाव्या हाताचं. पाटीवर पहिल्यांदा लिहिणाऱ्या पोरासारखं आलंय. हसून घे, मग पुढचं वाच.

सतरा पोरांनी जे पाहिलं ते घडलंच नाही, असं मी म्हणू? मग उद्या त्यांना काय शिकवू?

पहिल्या दिवशी गेले तर पोरं एक खेळ खेळत होती. एकाच्या हातात फूटपट्टी, बाकीची हात पुढं करून रांगेत. ज्याला लागेल त्यानं पडायचं. एका चिमुरडीनं दुसरीचा ओठ फोडला होता. मी ओरडले नाही. पट्टी मागून घेतली आणि माझा हात सगळ्यांपुढं धरला. एकेकानं थोटकांना बोट लावून पाहिलं. लई दुखतं का, असं विचारलं. मी हो म्हणाले. मग सगळ्यांना चिखल मळायला बसवलं. खेळ अजून बंद झालेला नाही, कमी झालाय.

आणखी एक सांगते. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वराज चार वर्षांचा असताना एकदा त्याचा सदरा वर केला, तर पाठीवर कासऱ्याचे वळ. काही ठिकाणी कातडी फाटलेली. मी खोबरेल लावलं, दोन लाडू जास्त दिले आणि त्याच घरी परत पाठवलं. असं तीनदा झालं. सावळेराम तेव्हा गावचा मोठा माणूस. मी घाबरले, रामनाथ. कोर्टात कोयता सांगणार आणि हेही सांगणार.

राग आला तर येऊ दे. पण पत्र टाकत जा.

सरूआक्का


घोडेगाव
७ जुलै २०२४

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं.

मला ते माहीत होतं, आक्का. एकदा मी सावळेरामकडं चहाला बसलो होतो. त्यानं पोराला गोठ्याच्या खांबाला बांधलं आणि माझ्यादेखत कासऱ्यानं फोडलं. पोरगं माझ्याकडं बघत होतं. मी चहा संपवला आणि ड्युटीला उशीर होतोय म्हणून निघालो.

काल सावळेराम उत्तर मागायला आला. आक्का खोटं बोलणार नाही आणि गोठ्यात मी काय पाहिलं तेही आता लपवणार नाही, असं मी सांगितलं. त्यानं माझी गचांडी धरून मला भिंतीवर आपटलं. पुढचा दात तुटला. सूनबाई मुसळ घेऊन धावली तेव्हा तो गेला. पोलिसांत लिहून दिलंय. आता पुढचा दात नाही म्हणजे तुझ्या वर्गात शोभेन.

साक्षीच्या दिवशी मी तुझ्याबरोबर येणार. एवढं तरी नाकारू नकोस.

तुझा
रामनाथ


वारूळवाडी
२२ नोव्हेंबर २०२५

चि. रामनाथ यास अ. उ. आ.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे सूनबाईनं कळवलं. हे पत्र तिच्याकडून वाचून घे. चष्मा लागायच्या आधी शहाणपणा नको. साक्षीला तू होतास, पण निकाल तुझ्या माघारी लागला, म्हणून सगळं लिहिते.

स्वराजला सात वर्षांची शिक्षा झाली. निकाल वाचताना सावळेराम बाकावर उभा राहिला आणि मास्तरणीनं माझं पोर खाल्लं, असं ओरडला. पोलिसांनी त्याला बाहेर नेलं. अक्षदा रडली नाही. तिनं समृद्धीला आणलं नव्हतं. पोरगी आता नारायणगावात पहिलीत जाते. बोलते, पण फार हळू. जोरात पातेलं आपटलं तर अजून मुतते.

मी आवारात थांबले. स्वराजला गाडीकडं नेत होते. एका गालाची कातडी ताणलेली, डोळा अर्धा मिटलेला. मी त्याला हाक मारली, हजेरी घेताना मारायचे तशीच, पूर्ण नावानं. तो थांबला. वळला. वाटलं काही बोलेल. तो माझ्या तोंडावर थुंकला.

शिपाई त्याच्यावर दंडुका उगारून धावला. मी मधे हात घातला, तोच थोटा. मारू नका, म्हणाले. दंडुका माझ्या मनगटावर बसला. मनगट सुजलंय. त्याला गाडीत ढकललं आणि दार लागलं. मी पदरानं तोंड पुसलं. हाक मारल्याचं मला अजून वाईट वाटत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच ती त्याच्या बापाच्या दारात जाऊन मारायला हवी होती, एवढंच वाटतं.

परवा सोमवारी तीन नवी पोरं येणार आहेत. पहिला दिवस म्हटलं की आईचा पदर सोडत नाहीत, म्हणून मला लवकर जायचंय. चिखल आज रात्रीच भिजत घालते.

डोळ्याला धूळ लागू देऊ नकोस. आक्काची आठवण आली की एसटी पकड, वाट पाहते.

तुझी
सरूआक्का