चौदा नंबरच्या बसचा थांबा

१३ जानेवारी २०२५, सोमवार

सगळ्या बसेस समुद्रात! नॉर्वेच्याही वर. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल केली मी, दुसरं काय. चाकणच्या कंपन्यांमधून कामगारांना दापोडीपर्यंत सोडणाऱ्या वीस बसेस, त्यांच्या दोन महिन्यांच्या जीपीएस नोंदी — आणि मी त्या नेऊन सोडल्या बर्फात. एकटीच हसले. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

१४ जानेवारी

संक्रांत. ऑफिसात करिष्माने तिळगूळ दिला, तेवढाच. मारुंजीला खोलीवर आल्यावर आईला फोन केला. आबा शेजारीच असणार, टीव्हीचा आवाज येत होता. "आबाला देऊ का?" असं आई आता विचारत नाही. ठरलेलं लग्न मोडून घर सोडलं त्याला एकवीस महिने झाले. तेव्हापासून आबा पोटच्या मुलीशी एक शब्द बोललेले नाहीत. सणाला तरी बोलतील असं मला दर वेळी वाटतं, आणि वाटतं याचाच राग येतो.

"कवापासनं सांगायचं व्हतं, आबा नोकरीला लागल्यात," आई हळूच म्हणाली. कुठे, ते मी विचारलं नाही. ते तरी माझं कुठे विचारतात?

१६ जानेवारी

आज जमलं. सिम्युलेटरला चाकण कळत नाही, दापोडी कळत नाही. त्याला एवढंच हवं — कोणती बस, कितव्या सेकंदाला, नकाशाच्या कोपऱ्यापासून किती मीटरवर. मोबाइलचं नेटवर्क बंद पडलं तर जवळून जाणाऱ्या बसेस एकमेकींना निरोप पोचवू शकतील का, ते आम्हाला बघायचंय. संध्याकाळपर्यंत पडद्यावर वीस ठिपके हायवेने शहाण्यासारखे चालू लागले. म्हणजे एकोणीस.

१७ जानेवारी

चौदा नंबरची बस. शनिवारी दापोडीला शेवटचा माणूस उतरला की रिकामी गाडी चौदा-पंधरा किलोमीटर वाट वाकडी करते, थेट मारुंजीला! नकाशावर टाकून पाहिलं. माझ्याच गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीसमोर. पावणेआठला येते, अकरा मिनिटं थांबते, मग परत चाकण. आठच्या आठ शनिवार. माझी खिडकी मागच्या बाजूला, त्यामुळे कधी दिसली नाही.

ड्रायव्हरचं कोणीतरी असेल इथे. कोण असेल? दर शनिवारी आवरून, गॅसवर चहा ठेवून बसत असेल. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. दीड वर्षं मी या गल्लीत राहते, माझ्यासाठी कोणी दोन पावलंसुद्धा वाट वाकडी केलेली नाही.

२० जानेवारी

आमचे टीम लीड धम्मपाल सर वैतागले. "या एका बसपायी नकाशा दुप्पट होतोय. काढून टाक तो तुकडा."

काढला. आमच्याकडे नियम आहे — काढलेली प्रत्येक नोंद यादीत लिहायची, पुढे कारण. मी लिहिलं, 'माहीत नाही'. यादी परत. "दिपाली, कारण लागतं. क्लायंट विचारतो."

मग लिहिलं : 'मार्ग सोडून ड्रायव्हरचा खासगी थांबा'. आठ तारखा, आठ वेळा, बस क्रमांक. माझ्या याद्या नेहमीच नीट असतात.

२२ जानेवारी

फाइल गेली, यादीसकट. बसेस ज्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या, त्यालाही एक प्रत. आधी संपता संपत नव्हता तो सिम्युलेटरचा रन आज सव्वा तासात संपला. सर "छान" म्हणाले. करिष्मा आणि बाकीचे जेवायला बाहेर निघाले. "येतेस का?" मी म्हटलं, डबा आणलाय. आणला नव्हता. का असं करते मी, कळत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

दिवसभर कोणाशीच बोलले नाही. दळण आणायला साडेसातला गिरणीवर गेले आणि उगाच आठपर्यंत रेंगाळले. बस आली नाही.

२८ जानेवारी

आईचा फोन, आपणहून. आबांची नोकरी गेली.

"कंपनीची बस चालवत व्हते, दिवाळीच्या आधीपासनं. बरं चाललं व्हतं. त्या ट्रान्सपोर्टवाल्यानं म्होरं कागद टाकला — शनवारी गाडी कुठं न्हेत व्हता, सांगा म्हनला. आबा बोलंचनात. मला बी सांगत न्हाईत. दिपे, तुला काय ठावं हाय का?"

मी नाही म्हणाले.