चार दिवस फोन न उचलल्याचं कारण

सलामांका, स्पेन
मंगळवार, २१ जुलै

तीर्थरूप हरिश्चंद्रकाकांना,
संकेतचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, काकूंची शुगर आणि वाडीतल्या केळी कशा आहेत हे आधीच विचारून घेतो, कारण हे पत्र वाचून झाल्यावर तुम्ही उत्तर द्यायच्या मनःस्थितीत असाल याची खात्री वाटत नाही. मी ठणठणीत आहे. हे वाक्य कृपया दोनदा वाचावं आणि आईलाही वाचून दाखवावं, कारण गेल्या पंधरवड्यात इथे माझ्या प्रकृतीबद्दल जे समज पसरले होते ते उद्या कुणाकडून तुमच्या कानावर गेले तर घोटाळा नको.

शुक्रवारपासून मी तुमचा फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रागावलात, असं तुमच्या उन्नतीने कळवलं. रागावणं रास्त आहे. बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, नायगावच्या गोदामात माल मोजत बसलो होतो तेव्हा 'तिथेच चिकटून राहू नकोस' असं एकट्या तुम्हीच सांगितलंत, आणि आता परदेशात जाऊन पोराला मस्ती आली असं तुम्हाला वाटलं असेल. पण कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. खरं तर फोन हेच कारण होतं. म्हणून हाताने लिहून, फोटो काढून उन्नतीला पाठवतोय. (उन्नती, छापून दे आणि काकांच्या मागे उभी राहून वाचू नकोस.)

तुम्हाला माहीतच आहे की कंपनीने मला सहा आठवड्यांसाठी इथे पाठवलं ते एका अटीवर. तोंडी परीक्षा पास झालो तर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचं टेबल माझं, नाहीतर परत गोदाम. राहायची सोय एका कुटुंबात केली. एन्कार्नाबाई आणि त्यांचे यजमान फेलिक्स, दोघंही सत्तरीच्या पुढचे. फेलिक्स पोस्टातून निवृत्त झालेले आहेत आणि अजूनही प्रत्येक घराकडे पत्ता वाचल्यासारखं बघतात. बाई प्रेमळ, पण त्यांचं प्रेम तेलात तळून येतं. पहिले तीन आठवडे मी त्या तेलाशी आणि क्रियापदांशी एकाच वेळी झुंजत होतो. इथे दुपारचं जेवण अडीचला. अडीच म्हणजे वसईत संध्याकाळचे सहा, म्हणजे तुमचा चहा संपून तुम्ही मला फोन लावता ती वेळ. तुम्ही लावायचात, मी ताटावरून बोलायचो, आणि तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानेच बोलायचो. घरातली पद्धत आहे आपली.

आता पुढचं लिहिताना फार संकोच वाटतो. काका, स्पॅनिश भाषेत 'काका' हा शब्द आहे. त्याचा अर्थ नातेवाईक असा नाही. लहान मूल जे करतं आणि आई ते पुसते, तो अर्थ आहे. एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोडून दिलं असतं, पण इथे 'माला' म्हणजे वाईट, आणि कळ आली की ही माणसं जे ओरडतात ते 'आय' आपल्या 'आई'सारखंच ऐकू येतं. आता आपलं रोजचं बोलणं आठवून बघा. आई कशी आहे काका, मला बरं आहे काका, आईला सांगा मला भात मिळत नाही काका. हे मी जेवणाच्या टेबलावर, तोंड वाकडं करून (तळलेल्या मिरच्यांमुळे), रोज वीस मिनिटं बोलत होतो.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच दिसलं की चौथ्या आठवड्यात अचानक तळण बंद झालं आणि ताटात मऊ पांढरा भात आला. सोबत उकडलेलं गाजर, किसलेलं सफरचंद. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बाईंनी न सांगता माझ्या मनातलं ओळखलं. मी तीनदा भात मागून घेतला आणि छातीवर हात ठेवून आभार मानले. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फेलिक्सनी स्वतःची न्हाणीघराशेजारची खोली मला दिली आणि स्वतः उशी घेऊन बाईंच्या मागोमाग वरच्या मजल्यावर गेले. मला वाटलं, मी अभ्यास चांगला करतो म्हणून मान वाढला.

मग शेजारीपाजारी. जिन्यात जो भेटेल तो स्वतःच्या पोटावर हात ठेवून, मान तिरकी करून 'कसं काय' विचारू लागला. मी म्हटलं, इकडची जुनी रीत असावी, आपण 'राम राम' करतो तशी. परक्या गावात रीत पाळावी हे तुम्हीच शिकवलंत. तेव्हा मीही पोटावर हात ठेवून सगळ्यांना अभिवादन करू लागलो. बेकरीवाल्याला केलं, चर्चच्या फादरना केलं, वर्गातल्या मास्तरीणबाईंना रोज सकाळी केलं. फादरनी माझ्यासाठी प्रार्थना केली असं नंतर कळलं.

शुक्रवारी अकरा वाजता तोंडी परीक्षा होती, आणि ती शाळेत नसून दुसऱ्या इमारतीत होईल असं सांगितलं होतं. सकाळी नऊलाच दोघं नवराबायको बाहेरचे कपडे घालून तयार. चल, म्हणाले. मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. एका मोठ्या इमारतीत नेलं, दारावर 'सालूद' असं लिहिलेलं. हा शब्द मला फक्त पेले उंचावताना म्हणतात एवढाच माहीत होता, तेव्हा समाजमंदिर असेल असं समजलो. बाकावर माणसं गंभीर चेहऱ्याने बसलेली, परीक्षेला बसतात तशीच. माझं नाव पुकारलं. आत पांढऱ्या कोटातली एक तरुण बाई टेबलामागे कागद घेऊन बसलेली. मी पोटावर हात ठेवून नमस्कार केला.

तिने विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, पाच आठवडे झाले. दिवसातून किती वेळा? मी हिशोब केला आणि सांगितलं, सकाळी चार तास सलग, मग संध्याकाळी घरी दोन तास. तिने चष्मा काढला. त्रास होतो? सुरुवातीला फार झाला, पण आता सवय झाली, मजासुद्धा येते. एकटाच असता? नाही, म्हटलं, आम्ही बारा जण असतो, एकमेकांना मदत करतो. काका, माझं एकही क्रियापद चुकलं नाही. आता शाबासकी मिळणार असं वाटत होतं, तेवढ्यात तिने मला शर्ट वर करून खाटेवर आडवं व्हायला सांगितलं.

तेव्हा पहिल्यांदा शंका आली. भिंतीवर आतड्यांचं चित्र होतं, तेही तेव्हाच दिसलं, आणि 'सालूद' म्हणजे आरोग्यसुद्धा असणार हेही तेव्हाच लक्षात आलं. मी उठून उभा राहिलो आणि विचारलं, "परीक्षा?" इथे परीक्षेला आणि तपासणीला शब्द एकच. डॉक्टरीण म्हणाली, "हो, तपासणीच करतेय." एन्कार्नाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "तो रोज सांगतो हो फोनवर. आय, माला, काका. रोज." आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मग मी जे बोललो ते पुस्तकात कुठेच नव्हतं. मी म्हणालो, "काका हे काका नाही. काका माणूस आहे. काका माझ्या वडिलांचा भाऊ आहे. काका चांगला आहे. काका रोज अडीच वाजता येतो." शेवटच्या वाक्याला डॉक्टरीणबाईंनी तोंडावर फाईल धरली. मी तुमचा फोटो काढून दाखवला, तो केळीच्या घडाशेजारचा. फेलिक्सनी तो बराच वेळ पाहिला आणि अत्यंत आदराने म्हणाले, "भेटून आनंद झाला."

पण एन्कार्नाबाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या आणि रडू लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ माझ्याच वयाचा असताना पोटाच्या दुखण्याने गेला. काही नाही, काही नाही म्हणत राहिला आणि उशीर झाला. म्हणून त्यांनी या वेळी विचारत न बसता दवाखान्यात आणलं होतं. मी त्यांचा हात धरून नुसता बसून राहिलो. मग त्याच डोळे पुसून म्हणाल्या, "म्हणजे तुला खरंच काही झालेलं नाही?" मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "मग आज मासे तळते." इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घड्याळात पावणेअकरा. फेलिक्सनी टपालाच्या सगळ्या आडवाटा वापरून गाडी हाणली तरी दहा मिनिटं उशीर झालाच. परीक्षक दोघं होते, दोघंही नाराज. उशीर का, असं विचारलं. मी कारण सांगायला लागलो. मधेच एक जण उठून पाणी प्यायला, दुसरा खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. माझं सांगून झालं तेव्हा माझी वेळ संपली होती. काल निकाल लागला. पास झालोय काका, तोही चांगल्या गुणांनी. गोदाम सुटलं.

फोन एवढ्याचसाठी उचलला नाही की शुक्रवारपासून तो वाजला की सगळं टेबल माझ्या तोंडाकडे बघतं आणि मला 'काका' म्हणायचा धीर होत नाही. तेव्हा काळजी नसावी. काकूंना व आईला नमस्कार, उन्नतीला दटावणी. पुढच्या बुधवारी पहाटे विमानतळावर उतरतो, न्यायला कुणी येऊ नये, आलात तर बरं वाटेल.

तुमचा पुतण्या
संकेत

ता. क. वरचं पत्र लिहून होतंय तोच ऑफिसातून निरोप आला. अभिनंदन केलंय. टेबल माझंच. फक्त गिऱ्हाईक बदललं. स्पॅनिशवाले गेले, ब्राझीलचे आले, आणि ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात. सप्टेंबरपर्यंत जुजबी बोलता आलं पाहिजे असं साहेब म्हणतात. दोन्ही भाषा सारख्याच असतात असंही म्हणतात. साहेबांना इंग्रजीच नीट येत नाही.

ता. ता. क. आपल्या कुंपणापलीकडचे गॉडफ्रेअंकल सोळा वर्षं लिस्बनला हॉटेलात कुक होते आणि फाडफाड पोर्तुगीज बोलतात. कुंपणावरचा फणस कुणाचा यावरून तुम्ही दोघं सात वर्षं बोलत नाही, हे मला माहीत आहे. त्यात मी पडत नाही. पण त्यांच्याइतका चांगला मास्तर मला वसईत दुसरा मिळणार नाही, आणि तुमच्याशी अबोला असताना मी त्यांच्या ओट्यावर वही घेऊन जाऊन बसलो तर तुम्ही जेवणार नाही, हेही मला माहीत आहे.

ता. ता. ता. क. म्हणून मी त्यांनाही आत्ताच पत्र पाठवलंय. तुम्ही त्यांना रविवारी पाच वाजता चहाला बोलावलंय, असं त्यात लिहिलंय. फोनवर त्यांचं लगेच उत्तर आलं, येतो म्हणून, आणि खाली वेगळ्या ओळीत तुमचा गुडघा कसा आहे हेही त्यांनी विचारलंय. कृपया घरी असावं.