पाणी यायच्या आधीचा मासा

२ जुलै
थू! चूळ भरून भरून दमलो, ती चव जात नाही.
लुआ महिन्याभरापासून हमरस्त्यावरच्या हॉटेलात मासे साफ करायला, वाढायला आहे. तिला बघायला म्हणून गेलो. दारावर पाटी — 'पुराच्या हंगामाचा खास रस्सा, बारा महिने!' बारा महिने पूर? नदी अजून पुराच्या गाळानं लालसुद्धा झाली नाही, आणि भांड्यात लिन मासा! गेल्या वर्षीचा, बर्फातला. ओलं फडकं चघळावं तसा. वर दिएन-दिएन झाडाची पिवळी फुलं, पण काळी पडलेली, बुळबुळीत. सायगॉन शहरातले पाहुणे फोटो काढून मिटक्या मारतायत. शी!
"तू खातेस हे?" मी लुआला विचारलं.
"मी घरून डबा आणते," ती हळूच म्हणाली. आणि हसली!
त्या हसण्यापायी कान थो शहरातलं कॉलेज अर्ध्यावर सोडलं. घरी सांगितलंय, अभ्यास झेपेना.

५ जुलै
आई म्हणते, "अहो कॉलेजवाले, एका माशावर एवढा राग?"
एका माशावर! पुराबरोबर येतो तेव्हा लिन बोटाएवढा असतो, काट्यासकट विरघळतो. थोडे दिवस, की काटे कडक. त्याच पाण्यावर दिएन-दिएन फुलतं. पहाटे होडीतून आई फांदी वाकवायची, बाबा काठीनं फुलं टोपलीत झाडायचे. चिंच, मिरची, बस. पोटाला जड नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच भूक! ते सोडून बर्फातलं मढं कशाला खायचं?

११ जुलै
हॉटेलात ओरडलो. "शिळं खाताय, शिळं!" मालकानं दंडाला धरून बाहेर काढलं.
लुआ मागच्या दारानं आली. डोळे लाल. "तुमच्याकडे होडी आहे, शेत आहे. मला पगार लागतो. पाणी आलं की ताजं खायला घाल, मग बोल!"
घालीन. पहिला मासा तिलाच. आणि तेव्हाच लग्नाचं विचारीन.

२४ जुलै
पाणी नाही.

३० जुलै
पाणी नाही. मालकाचा भाचा तिला स्कूटरवरून घरी सोडतो. तेल चोपडलेलं माकड!

२ ऑगस्ट
धीर सुटला. बाजारात एक बाई म्हणाली, "नदीच्या वरच्या अंगाचा, आजचाच, साफ करून दिलाय!" घेतला. रस्सा केला, डबा घेऊन लुआच्या घरी.
"आमच्या जाळ्यातला," मी म्हटलं.
तिनं एक मासा उचलला, उलटा केला, खाली ठेवला. "पोटाला असा तिरका काप मीच देते. हे मी परवा बर्फातून काढलेत. उरलेले मालक बाजारात विकतो."
मी डब्याला झाकण लावलं.
"सायगॉनच्या लोकांना शिव्या घालतोस, थुआन. तुझ्याच्यानं तरी पाणी येईपर्यंत कुठं थांबवलं?"
बंधाऱ्यावर बसून सगळा डबा मीच संपवला. ओलं फडकं. आता किळस येते ती माझीच.

१९ ऑगस्ट
पाणी लाल! शेतात शिरलं. जाळं उचललं तर चांदीच चांदी. आई म्हणाली, "जा ना, दे तिला नेऊन."
कुठल्या तोंडानं?

२१ ऑगस्ट
पहाटे धक्क्यावर लुआ. हातात टोपली. "सुट्टी टाकलीय. एकटा फुलं कशी झाडणार होतास, शहाण्या?"
होडीत बसली. फांदी तिनं वाकवली.