ब्रह्मदेशचा साग

बा, मी ब्रह्मदेशाला जाणार आहे. हे आधी मायला सांगितलं, मग पंचांना, आणि तुला सगळ्यांत शेवटी सांगतो आहे; खरं तर पहिला मान तुझा होता. तू गेलास तेव्हाही अमरावतीत कापूस पिकत होता, पण त्याला आजच्यासारखं सोनं कुणी म्हणत नव्हतं. मध्यंतरी सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि सगळे आपल्या काळ्या मातीकडे धावले. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. लढाई मिटली तशा बऱ्याच शेंब्या सोनाराकडे परत गेल्या, पण तोवर आगगाडी अकोल्याला पोचली होती आणि स्टेशनाजवळ कापसाच्या गाठी बांधणारे दाबखाने उभे राहिले होते. त्यांतल्या एका दाबखान्याचं सगळं लाकूडकाम माझ्याकडे आहे. माणसं मला मिस्त्री म्हणतात. तू असतास तर हसला असतास, आणि मग एखादा सांधा हाताने चाचपून पाहिला असतास.

दाबाला लांब, सरळ, निर्दोष खांब लागतात. मेळघाटातले तसे साग रुळांखाली गेले, आणि उरलेल्या जंगलात सरकार आता कुऱ्हाड घालू देत नाही. मुंबईहून मागवलेले खांब दोनदा चिरलेले निघाले. ते लाकूड येतं ब्रह्मदेशातून. तिथे नदीत ओंडके सोडतात आणि हत्ती ते काठावर ओढतात म्हणे. दाबखान्याचे मालक शेठजी म्हणाले, कुणीतरी तिथेच जाऊन खांब पारखून आणले पाहिजेत. दाबखान्यातले सगळे खाली बघू लागले. मी म्हणालो, मी जातो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तुला ते लेण्यांतलं काम आठवतं का? भिंतीवरची चित्रं उतरवून घ्यायला एक साहेब आला होता, त्याला उंच परांच्या बांधून हव्या होत्या, म्हणून तुला अजिंठ्याच्या डोंगरात बोलावलं. मला नुकतं मिसरूड फुटलेलं, लग्न ठरलेलं. आपण तिघं होतो. तू, मी आणि तुझा जोडीदार, जो आज आपल्या जातीचा मुख्य पंच आहे. दुपारी भाकर खाऊन मी एका मोठ्या मूर्तीच्या गुडघ्याला पाय लावून बसलो होतो. तू लांबूनच ओरडलास, "पाय काढ बे! तुह्या देवाच्या अंगावर असा कोनी पाय ठेवला तं चालन काय तुले?" मी म्हणालो, हा देव आपला कुठे आहे, इथे तर दिवासुद्धा लावत नाही कुणी. तू म्हणालास, "कोनाचा तरी असनच ना." एवढंच. पण मी त्यानंतर कुठल्याच देवाजवळ पाय पसरून बसलो नाही.

आणि मग ते कमानीचं लेणं. तू परांचीवर चढून छताला हात लावतो आहेस. खालून मला फक्त तुझे तळवे दिसतात. छताला एकामागून एक वाकवलेले वासे आहेत, आणि सगळे दगडाचे. तू एका वाशावरून हात फिरवत पार टोकापर्यंत गेलास आणि मोठ्याने हसलास. "हे तं सुतारकाम हाये रे! गोट्याले वाशाचं काय काम? डोंगर का पडून राह्यला? ज्यानं हे कोरलं, त्यानं आंधी असं लाकडाचं पाह्यलं असन. आपल्यातल्याच कोन्या सुतारानं बांधेल असन ते." तुझा तो आनंद मी नंतर कधी पाहिला नाही, माझ्या लग्नातही नाही. साहेबाच्या मुन्शीला तू विचारलंस, असं लाकडाचं अजून कुठे उभं आहे का. तो भला माणूस होता. त्याने सांगितलं, हे बुद्धाचं ठिकाण. इकडचे लोक विसरले, पण ब्रह्मदेशात आजही त्याची पूजा चालते, आणि तिथले भिक्षू राहतात ते विहार सागवानी आहेत, पायापासून कळसापर्यंत कोरलेले.

घरी परतल्यावर तू जाण्याचा बेत करू लागलास. खरोखरच. अमरावतीच्या बाजारात धान्याचे तांडे घेऊन येणाऱ्या प्रत्येक नायकाला तू विचारायचास, ब्रह्मदेश कोणत्या वाटेने. कुणी म्हणे नागपूरच्या पुढे, कुणी म्हणे कलकत्त्याच्या पुढे, कुणी नुसतंच हसे. माय चुलीपुढून विचारायची, "तिकडं खासान काय?" आणि तू म्हणायचास, "तिथले सुतार खात असतीन ते." पुढच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. सकाळी तू रंधा हातात घेतला होतास आणि दिवेलागणीला घरात तू नव्हतास.

परवा अमरावतीत पंच बसले. समुद्र ओलांडला की जात जाते, हे तुला सांगायला नको. माझ्या मुलीची सोयरीक ठरत आली आहे; पंचांनी मला वाळीत टाकलं तर ती मोडणार. मी हात जोडून म्हणालो, पोटासाठी जातो, शेठजींचं काम आहे, नाही म्हटलं तर चाकरी जाईल. पंच आपसांत कुजबुजू लागले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून माय उठली. तिची पाठ आता पार वाकली आहे, पण आवाज अजून ताठ आहे.

"खोटं कावून बोलतं रे?" ती मला म्हणाली. "पोटासाठी नाई चालला हा. याच्या बापाले जायाचं होतं. मराच्या आंधी वरीसभर वाट पुसत फिरला तो. त्याच्या नशिबी नाई झालं, आता पोरगा चालला. वाळीत टाकाचं असन तं मलेबी टाका. मीच धाडून राह्यली त्याले."

तुझा जोडीदार पंचांतून पुढे सरकला. मग म्हणाला, "मीबी होतो त्या लेणीत. त्यानं मलेबी वर बलावलं होतं, वासे पाहाले. मी म्हटलं, मले भुका लागल्या." त्याने पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले. "जाऊ द्या पोराले. वापस आला की शुद्ध करून घिऊ, पंगत दिईन तो. पन एक हाये. ते वासे वाकवते कसे, तापवून का भिजवून, हे मले येऊन सांगाचं. नाई सांगतलं तं मंग खरंच वाळीत टाकीन." सगळे हसले. मुलीचा होणारा सासराही हसला, ते मी आधी पाहून घेतलं.

बा, त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो कुठे ठेवू तेच कळेना. तुला अक्षर येत नव्हतं, मुंबई तू पाहिली नाहीस. पण तू एका दगडाला हात लावून म्हणालास, हे आपलं काम आहे, आणि इतक्या वर्षांनी त्या एका वाक्यावर तुझी जात माझ्यासाठी वाट सोडून बाजूला झाली. आणि माय! आयुष्यभर तिने तुझ्या त्या बेताची टिंगल केली असं मी समजत होतो.

आता तयारी चालली आहे. आगगाडीने मुंबई, तिथून आगबोटीने लंकेला वळसा घालून रंगून. बोटीवर कुणाच्या हातचं खायला नको म्हणून माय फुटाणे, लाह्या, गूळ, तिखट आणि ज्वारीचं पीठ बांधते आहे. पीठ तर इतकं की रंगूनचं अख्खं गाव जेवेल. बायकोने नवी घोंगडी आणली. धाकटा विचारतो, हत्ती आणणार का. शेठजींचे खांब मी नीट पारखून आणीन, त्यांच्या मिठाला जागेन. पण पहिल्या दिवशी आधी विहार पाहीन. पायरीजवळ जोडे काढीन, आणि तिथल्या सुताराला खुणेने विचारीन.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही आणि घरात कुणाला दाखवायचंही नाही, कारण त्यात एक गोष्ट लिहितो आहे. माय रोज विचारते, "भेव तं नाई वाटत ना रे?" आणि मी रोज नाही म्हणतो. मोर्णा नदीला नुसता पूर आला तरी मी काठाजवळ जात नाही, बा. फार भीती वाटते.